‘सिस्टर, सात नंबरला सीपीआर नको’

माझ्या धाकट्या बहिणीला एका नर्सिंग कॉलेजने भाषणाला बोलावलं आहे. विषय दिलाय ‘आयुष्याच्या अखेरची शुश्रूषा : कायदा आणि नोंदी’. बहीण वकील. ग्राहक आयोगात कधी पेशंटच्या बाजूने, कधी रुग्णालयाच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे केस पेपर वाचायची तिला सवय आहे. आमची आत्या एका जिल्हा रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाली. भाषणाचं टिपण आधी आत्याच्या नजरेखालून घालावं, एवढाच बेत होता. पण पहिल्याच ओळीवर दोघींचं वाजलं. मी बाजूला बसून जमलं तेवढं उतरवून घेतलं. घरगुती भाग गाळला आहे.

पहिली ओळ होती : ‘जे लिहिलं नाही, ते केलं नाही.’

आत्या : हे वाक्य मी ट्रेनिंगला होते तेव्हापासून ऐकतेय. कोणी काढलं माहीत नाही, पण रात्रपाळी न केलेल्या माणसाचं असणार. चाळीस खाटांचा मेडिकल वॉर्ड, त्यात पन्नासच्या वर पेशंट, उरलेले खाली गाद्यांवर. रात्री आम्ही दोघी आणि एक मावशी. इकडे एकाला धाप, तिकडे एकाला फिट. कोपऱ्यात कॅन्सरचा म्हातारा, शेवटचे दिवस. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, तोंड ओलं करायचं, घशातलं सक्शन करायचं. मी त्याला वळवू, की ‘वळवलं’ असं लिहू?

वकीलबाई : दोन्ही.

आत्या : दोन्हीला चार हात लागतात.

वकीलबाई : मान्य. पण मग माझ्यासमोर काय येतं ते ऐक. नाव-गाव नको. नर्सेस नोट्समध्ये बारा, दोन, चार, सहा, चारही वेळांना एकच वाक्य : ‘पेशंट कम्फर्टेबल, स्लीपिंग.’ एकाच पेनाने, एका दमात लिहिलेलं. आणि डॉक्टरांच्या नोटमध्ये मृत्यूची वेळ पहाटे तीन चाळीस. समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं, “सिस्टर, चार वाजता झोपलं कोण होतं?”

आत्याला हसू आलं, पण तिने ते लगेच आवरलं.

आत्या : ती मुलगी खोटारडी नव्हती, एवढं लिहून घे. सकाळी ओव्हर द्यायची वेळ झाली की फाइल पुरी लागते, अपुरी फाइल पुढची सिस्टर घेत नाही. मग सहा वाजता बसून सगळं एकदम भरलं जातं. काम केलेलं असतं गं. फक्त कुठलं किती वाजता, ते डोक्यातून गेलेलं असतं.

वकीलबाई : उशिरा लिहायला कोणाचीच हरकत नाही. मागची वेळ टाकून लिहायला आहे. ‘आता पाच पन्नास झाले, दोन वाजताच्या शुश्रूषेची नोंद उशिरा करत आहे’, असं सरळ लिहावं. चुकलं तर एक रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. पेशंटच्या माणसांनी कागद मागितले तर डॉक्टरांच्या नियमावलीप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. म्हणजे ‘नंतर नीट करू’ याला वेळच नसतो.

आत्या : लिहायचं कसं ते मला नको शिकवू. बाई गेली की अंगावरचे दागिने उतरवून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे असतात. नवी मुलगी लिहिते, ‘सोन्याचं मंगळसूत्र एक’. मी खोडायला लावायची. ‘पिवळ्या धातूचं मंगळसूत्र, काळे मणी, दोन वाट्या’, असं लिही. ते सोनं आहे हे तुला कोणी सांगितलं? उद्या घरच्यांनी सराफाकडे नेलं आणि निघालं पितळ, तर वॉर्डात बदललं म्हणतील.

वकीलबाईंनी हे टिपणाच्या समासात लिहून घेतलं. ‘नातेवाइकांची मनाची तयारी झाली आहे’ हे वाक्य तिला फायलींमध्ये नेहमी भेटतं आणि तेही सोन्याच्या मंगळसूत्रासारखंच, असं ती म्हणाली. कोणाची तयारी? कोण बोललं? थोरला मुलगा की पुण्याहून आलेला जावई? सिस्टरने ऐकलं ते लिहावं, अनुमान लिहू नये. आत्याने मान डोलावली, आणि मला वाटलं आता मिटलं. पण खरा वाद पुढेच होता.

आत्या : तुझ्या टिपणात हे नाही. संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर येतात, फाइल चाळतात आणि जाता जाता म्हणतात, “सिस्टर, सात नंबरला सीपीआर नको.” झालं. कागदावर अक्षर नाही. रात्री सात नंबरचा श्वास थांबतो तेव्हा मोठे डॉक्टर घरी, निवासी डॉक्टर कॅज्युअल्टीत. क्रॅश कार्टजवळ मी.

वकीलबाई : लेखी नाही ना? मग सीपीआर सुरू करायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. लेखी ऑर्डर नसेल तर पेशंटला सगळे उपचार लागू, हे धरूनच चालायचं.

आत्या : पंच्याऐंशी वर्षांची बाई, अंगावर मास नाही. तिच्या छातीवर मी दाब देते तेव्हा बरगडी मोडलेली हाताला कळते. कधी ऐकायलाही येते. ती वाचणार नाही हे मला माहीत, डॉक्टरांना माहीत, तिच्या लेकाला माहीत. आणि तू मला एसी केबिनमधून सांगतेस, सुरू करायचा!

वकीलबाई : मी सांगतेय तो कायदा तुझ्याच बाजूचा आहे, आत्या. त्या बाईला सीपीआर देऊ नये हेच बरोबर असेल. आयसीएमआरने २०२० मध्ये याच गोष्टीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हृदय बंद पडलं तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये, हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा, पेशंटशी किंवा घरच्यांशी बोलून घ्यायचा आणि लिहायचा. तो फक्त सीपीआरपुरता असतो. बाकीची औषधं, वेदनाशमन, शुश्रूषा सगळं चालू. आपल्याकडे ‘सीपीआर नको’ म्हटलं की त्या खाटेकडे राउंडला कोणी फिरकतच नाही, ही वेगळीच तऱ्हा.

आत्या : मग ते लिहीत का नाहीत?

वकीलबाई : तू सांग.

आत्या : भीती. दुसरं काय? लिहिलं तर डॉक्टर अडकतो, नाही लिहिलं तर सिस्टर. म्हणून मधला मार्ग निघतो. सीपीआर द्यायचा, पण सावकाश. कार्ट आणायला वेळ लावायचा, नातेवाइकांना दिसेल इतपत दोन-चार मिनिटं करायचं. मी तो दयेचा भाग समजायचे. अजून समजते.

वकीलबाई : मला तो सगळ्यात वाईट वाटतो. पेशंटची सुटका होत नाही आणि घरच्यांची फसवणूक होते. आणि फायलीत लिहिलं जातं काय? ‘सीपीआर गिव्हन.’ ही खोटी नोंद सिस्टरच्या सहीने होते. आता तुला एक आकडा सांगते. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ३०४ अ लागायचं. डॉक्टर असो, नर्स असो, ड्रायव्हर असो, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. त्यात एक सवलत ठेवलीय : नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंतच. आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, तर ज्याचं नाव डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये आहे तो.

आत्या : आणि आमचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरला.

वकीलबाई : तेच म्हणतेय.

आत्या : म्हणजे तोंडी सांगणाऱ्याला दोन, आणि ऐकणारीला पाच?

वकीलबाई : कागदावर तसंच दिसतं. आता अशा खटल्यात शिक्षा होणं सोपं नाही. साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. पण गुन्हा दाखल झाला की पोलिस ठाण्यात खेटे घालायला लागतात, ते कोणी चुकवत नाही.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. माझं मत विचाराल तर हे कलम म्हणजे आपल्या आरोग्यव्यवस्थेचा आरसाच आहे. एकाच खाटेच्या दोन बाजूंना दोघं उभे, तीच वेळ, तोच पेशंट, आणि कायद्याला त्यांच्यातला एकच ओळखू येतो. नर्सिंगच्या मुलींना हे कलम परीक्षेला शिकवतात की नाही, ते आत्याला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःला ते त्या दुपारीच कळलं.

आत्या : न्यायालयाने एकदा आमचं ऐकलंय पण. अरुणा शानबाग.

वकीलबाई : २०११.

आत्या : त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला. ती तिथलीच नर्स. दोन हजार पंधराच्या मेमध्ये गेली. बेचाळीस वर्षं केईएमच्या मुलींनी तिला सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोर होऊ दिला नाही. ज्यांनी वॉर्ड पाहिलाय त्यांना विचार म्हणजे काय असतं. तिला शांतपणे जाऊ द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी न्यायालयात गेल्या, आणि न्यायालय म्हणालं की हिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या स्टाफचा. स्टाफने नको म्हटलं. न्यायालयाने ऐकलं.

वकीलबाई : खरंय. त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली, उच्च न्यायालयाच्या परवानगीने. मग २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केलं. त्याची पद्धत इतकी किचकट होती की कोणी वापरेना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनकांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं.

आत्या : आणि व्हेंटिलेटर काढायचा ठरलं तर?

वकीलबाई : आधी प्राथमिक मंडळ. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले दोन तज्ज्ञ, किमान पाच वर्षं अनुभवाचे. मग दुय्यम मंडळ. त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती. अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं.

आत्या बोटांवर मोजत होती.

आत्या : तीन आणि तीन सहा डॉक्टर, घरचे, मॅजिस्ट्रेट. नर्स कुठाय?

वकीलबाई : नाहीये.

आत्या : सदतीस वर्षांनी विचारलं आणि पुढच्या निकालात विसरले. आणि ते सगळं ठरल्यावर मॉनिटरचा आवाज बंद करायचा, घशातलं साफ करायचं, नळी काढल्यावर तोंड पुसायचं, मग मुलीला आत बोलवायचं, हे कोण करणार? मॅजिस्ट्रेट? आणि एखादीच्या मनाला पटलं नाही, ती म्हणाली माझ्या हातून हे व्हायला नको, तर तिने ते कुठे लिहायचं?

वकीलबाई : आधीच, इन्चार्जला, लेखी. ऐन वेळी नाही. पण तू म्हणतेस ती फट आहे, मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की मंडळावर नर्स नसली तरी मंडळाच्या टेबलावर तिचा कागद असतो. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. पेशंटने हाक मारल्यावर डोळे उघडले का, कूस बदलताना कण्हला का, बायकोचा हात धरला का, हे चोवीस तास कोणाच्या कागदात असतं? ‘स्टेबल’ लिहिलं तर मंडळाला काय कळणार?

मग वकीलबाईंनी नमुना म्हणून एक नोंद लिहिली आणि आत्याने ती दुरुस्त केली. दोघींच्या हातून उतरली ती अशी :

‘रात्री १.१०. मुलगा (प्रवेशपत्रावर नाव आहे) म्हणाला, “आता नळी नको, त्यांना सहन होत नाही.” १.१५ ला ड्यूटीवरील डॉक्टरांना फोन. १.४० ला डॉक्टर वॉर्डात आले, नातेवाइकांशी बोलले. उपचार कमी करण्याची लेखी ऑर्डर नाही. चालू उपचार सुरू ठेवले. श्वास मिनिटाला २८. कूस बदलताना कपाळाला आठ्या, कण्हणे. तोंडाची स्वच्छता केली. डाव्या कुशीवर ठेवले.’

‘कपाळाला आठ्या’ आत्याचं. बोलू न शकणाऱ्याची वेदना तिथे दिसते, म्हणाली.

वेदनेवरून मॉर्फिन निघालं. आत्याच्या उमेदीच्या काळात ते मिळणंच कठीण, आणि मिळालं तर त्या कपाटाची किल्ली कंबरेला. नोंदवहीत दोन सह्या, फुटलेल्या अँप्युलचाही हिशोब. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल होऊन पुढे मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं, असं वकीलबाईंनी सांगितलं. आत्याला कायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं ओझं होतं.

आत्या : शेवटचा डोस आपल्या हातून जातो आणि तासाभरात माणूस जातो. मनात राहतं की माझ्या इंजेक्शनने गेला.

वकीलबाई : म्हणूनच लिहायचं. ऑर्डर किती मिलिग्रॅमची, कशासाठी दिलं, देण्याआधी वेदना किती, श्वास किती, अर्ध्या तासाने किती. दुखणं कमी करायला दिलेला योग्य डोस आणि जीव घ्यायला दिलेला डोस यांत कायदा फरक करतो, पण तो फरक कागदावर दिसावा लागतो.

आत्या : नातेवाईक म्हणतात ना, “सिस्टर, देऊन टाका आता काहीतरी.” हात जोडून म्हणतात.

वकीलबाई : तिथे दया-माया काही चालत नाही. ऑर्डर असो वा नसो, मरावा म्हणून दिलं तर तो खून. आपल्या देशात त्याला आजही दुसरं नाव नाही.

यावर दोघींचं एकमत होतं. ‘घरी नेतो’ म्हणून सही करून पेशंट नेण्याच्या प्रकारावरही फारसं भांडण झालं नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला अँब्युलन्समध्ये अंबू दाबत गावी न्यायचं आणि उंबऱ्याच्या आत टेकवलं की थांबायचं, हे महाराष्ट्रात इतकं चालतं की कुठल्या निकालाची वाट कोणी पाहिलेली नाही. सही कोणाची, सही करणाऱ्याला काय समजावलं, कोणी समजावलं, निघताना श्वास-नाडी काय होती, वेदनेची औषधं बरोबर दिली का, एवढं लिहावं, असं दोघी म्हणाल्या.

मी विचारलं, आत्या, तुझी एखादी नोंद कधी कामी आली का?

आत्या : बर्न्स वॉर्डातली. बाळंतपणाला चार महिने झालेली मुलगी, ऐंशी टक्के भाजलेली. दिवसा पोलिसांना म्हणाली, स्टोव्हचा भडका उडाला. सासरचे सगळे बाहेर बसलेले. रात्री मी पाणी पाजायला गेले तर मनगट धरून सांगायला लागली. मी निवासी डॉक्टरांना हाक मारली, चौकीला फोन करायला लावला. ते येईपर्यंत तिच्या तोंडचे शब्द होते तसे लिहिले. तिच्या गावच्या बोलीत होते ते तसेच, मी सुधारले नाहीत. आधी तिला नाव विचारलं, गाव, बाळाचं नाव, आज वार कुठला. तेही लिहिलं. नाडी लिहिली. जबाब घ्यायला नायब तहसीलदार पोचेपर्यंत ती बोलण्यासारखी राहिली नव्हती. पुढे काही वर्षांनी समन्स आलं. समोरचा वकील म्हणाला, ती शुद्धीवर होती हे कशावरून? मी म्हटलं, मंगळवार होता, ती मंगळवार म्हणाली.

वकीलबाई : हे तू मला आयुष्यात कधी सांगितलं नाहीस!

आत्या : तू कधी विचारलंस?

वकीलबाई : भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६. जुन्या पुरावा कायद्यात ३२ होतं. मरणाऱ्याने मृत्यूच्या कारणाबद्दल केलेलं विधान कोणीही ऐकलेलं चालतं. डॉक्टरांचा दाखला नसला म्हणून ते बाद होत नाही, लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, पाच न्यायमूर्ती. आणि तू त्या रात्री जे प्रश्न विचारलेस तेच मी मुलींना शिकवणार होते. मग सकाळपासून माझ्याशी कशासाठी भांडतेयस?

आत्या : ती सांगत होती म्हणून मी लिहिलं. फाइल पुरी व्हावी म्हणून नाही. आणि एक ऐक, सगळंच लिहायचं नसतं. मरायला टेकलेल्याचा अंगठा घ्यायला घरचे स्टँपपेपर घेऊन येतात, जमिनीचा. “सिस्टर, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा, तुम्ही इथल्या.” तिथे हात मागे. फक्त वेळ लिहायची, अमुक इसम कागद घेऊन आले, डॉक्टरांना कळवलं.

वकीलबाई : हेही तू लिहिलंसच.

आत्या यावर नुसती बघत राहिली. मग मूळ मुद्द्यावर आली, सोडणारी ती नव्हेच.

आत्या : तुझी मुलगी तिथून भाषण ऐकून गेली. रात्री मोठे डॉक्टर म्हणाले, सात नंबरला सीपीआर नको. ती म्हणाली, सर, लिहून द्या. ते चिडले. ती अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. पुढच्या वेळी तिची ऑर्डर निघाली नाही, तर तुझं कलम तिला कुठे शोधणार?

वकीलबाई : तिने नाइट सुपरिंटेंडंटला कळवायचं. सांगितलेले शब्द, वेळ आणि नाव रिपोर्ट बुकातही लिहायचं. एकटीने नाही, दोघींनी ऐकलं असेल तर दोघींच्या सह्या.

आत्या : आणि कंत्राट?

वकीलबाई : त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आत्या : मग नुसत्या मुलींना सांगून काय उपयोग? भाषणाला निवासी डॉक्टर बोलव. युनिटचे मोठे डॉक्टर बोलव. पुढच्या दोन रांगा त्यांच्या. लेखी ऑर्डर द्यायची त्यांनी, तर ऐकायचं एकट्या आमच्या मुलींनी?

वकीलबाई : ते येतील असं वाटतं तुला?

आत्या : अधिष्ठात्यांच्या सहीचं पत्र काढायला लाव. तोंडी सांगितलं तर एकही येणार नाही.